मंचिनीळ्ळु

मनकर्णाबाईंनी वांग्याची दोन रोपं मुळासकट माझ्या टेबलावर आपटली. पानांच्या कडा पार करपलेल्या.

"तुमीच सांगतलं ना, पानी चांगलं हाय म्हनून?"

मी सुरेंद्र. आदिलाबादच्या माती-पाणी तपासणीत अठ्ठावीस वर्षं बाटल्या धुतोय. अहवालावर सही साहेबांची, बोलणी मात्र मी खायची. चिडूनच रजिस्टर उघडलं. दोन महिन्यांपूर्वीचा नमुना, भीमपूर, विहिरीचं पाणी. क्षार अगदी कमी, सगळ्या पिकांना योग्य.

"बाटली भरली कुठून, बाई?"

"माठातून."

"माठातून? काऊन? विहिरीचं पाह्यजे व्हतं!"

"तुमीच त म्हनलं, मंचिनीळ्ळु आना!"

तेव्हा घोळ माझ्या ध्यानात आला. तेलुगूत मंचिगा म्हणजे नीट, आणि मंचिनीळ्ळु म्हणजे प्यायचं पाणी. घरी मराठी, ऑफिसात तेलुगू, माझ्या तोंडात दोन्हींची खिचडी. 'बाटली मंचिगा धुवा, नीळ्ळु आना' असं मी घाईत म्हटलं असणार. या माउलीनं नळाचं, फडक्यानं गाळलेलं पाणी आणून दिलं होतं. चूक माझीच होती. फार लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी मीच त्यांच्या वावरात गेलो. सऱ्यांवर पांढरा थर आला होता. अर्धा तास मोटर चालू दिली, बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळली आणि भरली. बाई धुऱ्यावर, बांधाच्या कडेला उभ्या होत्या.

"मालकानं सोताच्या हातानं खोदली ही. शेवटी शेवटी मी म्हनो, पानी खारं लागते. ते चिडत. म्हनत, तुह्या तोंडाची चव गेली. तुमचा कागद आला त मी त्याईच्या फोटोपुढं ठेवला. म्हनलं, चुकली मी, तुमचंच खरं. मंग सारी वांगी याच पान्यावर सोडली." त्या थांबल्या. "वांगी गेली त गेली, भाऊ. पन विहीर वाईट हाय म्हनू नका."

मशीनला कुणाचा नवरा कळत नाही. क्षारांचा आकडा आला तो चांगलाच चढा.

पिकांचा सल्ला देणाऱ्या आमच्या मॅडमच्या टेबलापाशी मी जाऊन उभा राहिलो. "हे पाणी कशालाच चालत नाही का हो?"

"वांग्याला नको. कपाशीला चालेल, पण नाल्याचं गोडं पाणी निम्मं मिसळून."

अहवाल तेलुगूत छापून आला. त्याखाली मी माझ्या हातानं शुद्ध मराठीत लिहिलं. या वेळी खिचडी नाही. 'विहीर बुजवू नये. कपाशीला अर्धं-अर्धं पाणी मिसळून द्यावं.'

सोमवारी बाई आल्या. मी दोनदा वाचून दाखवलं. त्यांनी कागदाची घडी केली आणि पदराच्या टोकात बांधली.

"उरलेल्या पान्याचं काय करता?"

"मोरीत ओततो."

"द्या इकडं."

मी बाटली दिली. त्यांनी झाकण काढलं आणि एक घोट घेतला. तोंड कसंनुसं झालं, डोळे भरले. तरी तो घोट त्यांनी गिळला.

"गोड हाय," त्या म्हणाल्या. "माह्याच तोंडाची चव गेली व्हती."

बाटली त्यांनी पिशवीत उभी ठेवली, आणि भीमपूरची बस गाठायला निघाल्या.