तिसरी खुर्ची

"पुढची स्पर्धक, दिया!" अर्चनाताईंनी माइकवर पुकारलं आणि शार्दूलचे सासरे सुरेश कारखानीस परीक्षकांच्या तिसऱ्या खुर्चीतून उठले.

"काय झालं, सर?"

"ही माझी नात. मला इथे बसता येणार नाही."

"अहो, मुलांची पाठांतर स्पर्धा ही! कोण विचारतंय? यल्ला, चला, बसा बसा."

लोक हसले. कारखानीस हसले नाहीत. चष्मा टेबलावरच विसरून ते बाल्कनीचं काचेचं दार सरकवून बाहेर गेले.

"बट आजोबा..." दिया माइकसमोर पुटपुटली. महिनाभर तिने चोरून कविता पाठ केली होती, आजोबांना सरप्राइज म्हणून. शार्दूलने लेकीला 'सुरू कर' अशी खूण केली. तो सासऱ्यांच्या मागोमाग बाहेर गेला.

शारजातल्या अल मजाजची दमट हवा अंगाला चिकटली. खाली खाडीच्या पाण्यात टॉवरांचे दिवे हलत होते.

लग्न झालं तेव्हा हेच सासरे उच्च न्यायालयात न्यायमूर्ती होते. तालुक्याच्या कोर्टात वकिली सुरू करून तिथवर पोचलेला माणूस. मग एका बिल्डरचा खटला त्यांच्यापुढे आला. बिल्डरच्या कंपनीत त्यांच्या सख्ख्या भावाची भागीदारी होती, तरी त्यांनी खटला सोडला नाही. निकाल बिल्डरच्या बाजूने लागला, बातमी फुटली, आणि निवृत्तीच्या तोंडावर राजीनामा द्यावा लागला. पुढे ते शारजाला लेकीकडे राहायला आले. नेमकं काय झालं होतं, याचं शार्दूलला केवढं कुतूहल! पण एका टेबलावर जेवूनही विचारायची हिंमत कधी झाली नव्हती.

"बाबा, आज उठलात. मग तेव्हा..."

सासरे काचेतून आत बघत होते.

"भावाला झुकतं माप देणार नाही, अशी माझी खात्री होती. खात्री होती, म्हणून बसून राहिलो."

"आणि दिलं नव्हतंत ना?"

"तेच आता मला सांगता येत नाही, शार्दूल."

आत दियाचे ओठ हलत होते, हात वर जात होते. बंद दारातून शब्दही बाहेर येत नव्हता. कविता संपली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, पण दिया बाल्कनीकडे वळली आणि काचेला नाक लावून उभ्या असलेल्या आजोबांना तिने वाकून नमस्कार केला.

आजोबांचे हात टाळीसाठी वर आले. मग, निकाल अजून लागायचाय हे आठवल्यासारखं, त्यांनी ते सावकाश पाठीमागे बांधले.