सायबुआथोंगचं पार्सल

चुम्फोनला राहायला म्हणून कुणी येत नाही. येतात ते पुढे जायला. कुणाला सकाळच्या बोटीनं बेटावर जायचं असतं, कुणाला गाडीनं खाली हाद याईकडे. मधला जो वेळ उरतो तो काढायला माझं हॉटेल. स्टेशनसमोरच्या गल्लीत, पंख्याच्या खोल्या मागे, एसीच्या पुढे. जिन्याखाली चपलांचा ढीग, गॅलरीत वाळत घातलेले पोहायचे कपडे आणि दारावर ‘डुरियन आत आणू नये’ अशी तीन भाषांतली पाटी. तिन्ही भाषांतले लोक डुरियन आणतातच.

एवढी वर्षं या काउंटरमागे बसून एक विद्या मला आली आहे. पाहुणा चावीसाठी हात पुढे करतो तेवढ्यात मी त्याचा जमाखर्च मांडून मोकळी होते. हा टॉवेल नेणार. ही दोघं नवराबायको नाहीत, आणि असली तर एकमेकांची नाहीत. हा बेटावरून परत येताना पाय प्लास्टरमध्ये घालून येणार, कारण आत्ताच मोटरसायकल भाड्यानं कुठं मिळते विचारतो आहे. माझा अंदाज सहसा चुकत नाही. गल्लीत मला जे कुई म्हणतात, ‘जे’ म्हणजे ताई; आणि म्हणतात, जे कुईनं बघितलं की एक्स-रे काढायला नको.

फक्त एका गिऱ्हाइकाला मी बिचकते. दुसरी रात्र मागणाऱ्याला. चुम्फोनला दुसरी रात्र कशाला हवी?

बेन्झनं ती मागितली.

आला सकाळच्या गाडीनं, थर्ड क्लासच्या डब्यातून. एकवीस वर्षांचा असेल. दुकानातल्या घड्या न मोडलेला नवा शर्ट, आणि हात मात्र भाताच्या शेतातले.

“नाव?”

“बेन्झ.”

“एवढ्या महागड्या गाडीचं नाव, आणि आलास थर्ड क्लासनं?”

“तिकीट देणाराही हेच म्हणाला, जे,” तो म्हणाला. हसला नाही. मग दोन्ही हात जोडून, शाळेत कविता म्हणावी तसं म्हणाला, “मी माझ्या वडिलांना शोधायला आलोय. विचियन सायबुआथोंग. या गावात कुणीतरी त्यांना पाहिलं होतं म्हणतात.”

“घरातलं नाव काय त्यांचं? ते सांग.”

“माहीत नाही. मी पोटात असताना ते गेले. आई नाव घेत नाही. ‘तो’ म्हणते. हे नाव माझ्या जन्मदाखल्यावरचं आहे.”

“अरे देवा! कागदावरचं नाव घेऊन माणूस शोधायला निघालास? आमच्याकडे शेजाऱ्याचं कागदावरचं नाव तो मेल्यावर कळतं, विहाराच्या दारात फोटोखाली लिहितात तेव्हा. हाकेच्या नावानं इथं सगळी कोळंबी, डुक्कर, पेरू आणि बेडूक राहतात. विचियन कुणी नाही.”

बेन्झची पिशवी उचलून खियत जिना चढत होता. खियत म्हणजे बेडकाचं पिल्लू; लहानपणी तसा दिसत असेल, आता पन्नाशीचा आहे. स्टेशनवरून गिऱ्हाईक आणणं, पंखे दुरुस्त करणं, मोटरसायकलवरून लोकांना धक्क्यावर सोडणं, सगळं तोच करतो. पंपाशेजारच्या खोलीत राहतो. मी त्याला ठेवून घेतलं तेव्हा तो खिशातून ओळखपत्र काढत होता. मी म्हटलं, तोंड दाखव, कार्ड राहू दे. तोंड चांगलं होतं. त्यानंतर त्याची कुठली दाढ दुखते, स्वप्नात साप दिसला की लॉटरीचा कुठला आकडा घेतो, इथवर सगळं मला ठाऊक. कार्ड बघायची वेळ कधी आलीच नाही.

तर खियत दुसऱ्या पायरीवर होता, तो तिथंच थांबला. एक पाय वर, एक खाली.

मी मनात नोंद केली: गुडघा.

पेज खाताना बेन्झनं सगळं सांगितलं. पावसाळ्यातल्या वर्षावासाआधी त्याला भिक्खूची दीक्षा घ्यायची होती. गावातल्या विहारात दिवस ठरला होता. दीक्षेच्या दिवशी चीवर, भिक्खूचं वस्त्र, आईबापांनी हातात द्यायचं असतं, त्यांचे पाय धरून क्षमा मागायची असते. आई होती. बाप नसला तर मामा देतो, पण एकुलता एक मामा मेलेला.

“कशानं रे?” मी विचारलं.

“वडील पिकअप चालवत होते. मामा मागे बसला होता. पुलावरून गाडी खाली गेली. वडिलांना खरचटलंसुद्धा नाही. मामाचा सातवा दिवस झाला आणि ते घरातून निघून गेले. आई म्हणते, त्याला कुणी जा म्हटलं नव्हतं.” त्यानं चमचा खाली ठेवला. “आता ती म्हणते, जिवंत असेल तर आण. त्याच्या हातून चीवर घे. नसेल तर विषय संपव. मला ते एकदाचं कळायला हवं, जे. डोकं असं अर्धवट घेऊन कसा मी भिक्खू होऊ?”

“मी फिरवतो याला,” खियत मागून म्हणाला. “धक्का, मासळी बाजार, ट्रकवाल्यांचा अड्डा. मला सगळे ओळखतात.”

“गुडघ्याचं काय?”

“कसला गुडघा?” तो म्हणाला आणि मोटरसायकल काढायला गेला.

मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. एरवी दुपारी खियत झोपाळ्यातून उठायला तयार नसतो. इथं अंगावर शर्ट, शर्टाची सगळी बटणं लावलेली, केस पाण्यानं चापून बसवलेले. मी म्हटलंसुद्धा, “काय रे खियत, पोराचा बाप शोधायला चाललायस की स्वतःला बायको?” त्यानं मोटरसायकलच्या आरशात बघून केस पुन्हा चापले. एवढा टोमणा मारला की एरवी तो मला दोन ऐकवतो.

त्या दिवशी दोघं गावभर हिंडले. बेन्झ मागे बसून त्याला धरून. संध्याकाळी परतले तेव्हा दोघांच्या हातात बर्फ घातलेल्या कॉफीच्या पिशव्या आणि खियतच्या खांद्यावर आमच्याकडच्या बोटाएवढ्या केळ्यांचा फणा. बाप सापडला नव्हता, पण पोराचा चेहरा आल्या वेळेपेक्षा बरा होता.

“लुंग खियत भारी माणूस आहेत,” तो मला म्हणाला. एका दिवसात खियत त्याचा लुंग, म्हणजे काका, झाला होता. “मला गाडीचा क्लच सोडायला शिकवलं. आईला काय आवडतं, ती अजून रागावली की भांडी घासते का, सगळं विचारत होते.”

‘अजून’ हा शब्द माझ्या कानावरून गेला. जमाखर्चात लिहायला हवा होता. मी केळं सोलत होते.

तो म्हणाला, “जे, अजून एक रात्र राहू?” आणि पहिल्यांदाच मी दुसरी रात्र मागणाऱ्याला बिचकले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी खियतनं त्याला विहारात नेलं. परतले तेव्हा बेन्झचे डोळे सुजलेले.

“सापडले,” तो म्हणाला. “कुंपणाच्या भिंतीत अस्थींचे कोनाडे आहेत ना, त्यातला एक. वर नावसुद्धा नाही. लुंगना माहीत होतं. म्हणाले, हा विचियनचा.”

मला चटका बसला. पोर बापाला शोधायला आलं आणि भिंतीत सापडला! मी त्याला जवळ घेतलं. घरच्या देव्हाऱ्यावरची ताजी मोगऱ्याची माळ काढून दिली, उदबत्त्या दिल्या, म्हटलं, परत जा, नीट पाणी सोड, भंतेजींकडून पुण्य अर्पण करून घे. तो पुन्हा गेला. खियतच त्याला घेऊन गेला. पोरगं भिंतीसमोर गुडघे टेकून रडलं, भंतेजी पाठ म्हणाले, पोरानं पाणी सोडलं आणि खियत मागे उभा राहून त्याच्या चपला सांभाळत होता. हे सगळं मला बेन्झनंच येऊन सांगितलं. त्या पुण्याचा एक वाटा माझ्याही नावावर जमा झाला असं धरून मी त्या रात्री शांत झोपले.

आता पुढचं ऐका.

तिसऱ्या दिवशी दुपारची गाडी होती. बेन्झनं चावी काउंटरवर ठेवली. खियत त्याची पिशवी खांद्याला लावून दारात उभा, नेहमीसारखा. इतक्यात पोस्टमनची मोटरसायकल येऊन थांबली. हा पोस्टमन नवीन, तिकडच्या उपनगरातून बदलून आलेला. जुना असता तर ‘ए खियत, तुझं आलंय’ म्हणून पार्सल फेकून गेला असता. हा कागदावरचं वाचणारा.

“थनाकोन!” तो ओरडला. “थनाकोन कोण आहे?”

“असलं कुणी नाही इथं,” मी म्हटलं. “एखादा पाहुणा असेल, गेला असेल.”

“पत्ता हाच आहे. थनाकोन सायबुआथोंग!”

काउंटरवरच्या चावीकडे नेलेला माझा हात तसाच राहिला.

पहिलं नाव एकाचं हजारांना असतं. माझ्या गल्लीत तीन सोमचाय आहेत. पण आडनाव? दुसऱ्याचं आडनाव सरकार कुणाला घेऊ देत नाही. आडनाव एक म्हणजे रक्त एक, यात वाद नाही. आणि सायबुआथोंग काही रस्त्यावर पडलेलं आडनाव नव्हे.

बेन्झनं पोस्टमनकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी काउंटरमागून दाराकडे बघत होते, म्हणून मग त्यानंही तिकडे बघितलं.

खियत हलला नव्हता. पिशवीचा पट्टा त्यानं दोन्ही हातांनी धरला होता.

“पंख्याचं कॅपॅसिटर असेल,” तो हळूच म्हणाला. “मी मागवलं होतं. मागच्या खोलीचा पंखा...”

“लुंग,” बेन्झ म्हणाला. “तुमचं आडनाव काय?”

खियतनं पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली.

“लुंग, आडनाव काय तुमचं?”

“तेच,” खियत म्हणाला.

मी मागे स्टूल चाचपलं, ते नव्हतं, मी पाण्याच्या डब्यांवर बसले. मला एकच दिसत होतं: माझ्या देव्हाऱ्यावरची माळ, माझ्या उदबत्त्या, आणि जिवंत माणसाच्या नावानं सोडलेलं पाणी. आणि ज्याच्यासाठी सोडलं तो चपला सांभाळत मागे उभा! असलं अभद्र मी उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं.

“तू त्याला सांगितलंस बाप मेला म्हणून!” मी ओरडले. “मुडद्या, जिवंतपणी स्वतःचं श्राद्ध करून घेतलंस लेकराच्या हातून?”

“मी खोटं नाही बोललो, जे,” खियत म्हणाला. “घर सोडल्यावर मी दक्षिणेतल्या एका विहारात राहिलो होतो. तिथल्या भंतेजींनी माझं नाव बदलून थनाकोन ठेवलं. म्हणाले, विचियनच्या पत्रिकेत नुसते अपघात आहेत. विचियन मेला असं समज, त्याच्या नावाला ओ देऊ नकोस, नाहीतर त्याचं सगळं पुन्हा तुझ्या मागे लागेल. तेव्हापासून मी ओ दिली नाही.”

“आणि कोनाडा?” बेन्झचा आवाज फाटला. “कोनाड्यात कोण आहे? कुणाला पाणी सोडलं मी?”

“कुणी नाही. रिकामा आहे. मी माझ्यासाठी घेऊन ठेवलाय.”

पोस्टमन पेन टकटक करत म्हणाला, “मला अजून अर्धं गाव करायचंय.” त्याच्याकडे कुणी बघितलं नाही.

बेन्झचा चेहरा असा झाला होता की मला वाटलं हा आता मारतो. मारलं असतं तर मी अडवलं नसतं. “दोन दिवस,” तो म्हणाला. “दोन दिवस मी तुमच्या कमरेला धरून तुम्हालाच शोधत फिरलो. मासळीवालीला विचारलं, ट्रकवाल्यांना विचारलं. तुम्ही शेजारी उभे राहून म्हणत होतात, ‘नीट आठवून सांगा हो, पोर लांबून आलंय.’ तुम्हाला लाज नाही वाटली?”

“वाटली.”

“मग?”

“पहिल्या दिवशीच सांगितलं असतं तर तू त्याच गाडीनं परत गेला असतास,” खियत म्हणाला. “मला तुझ्याबरोबर जरा हिंडायचं होतं.”

मी, जिला एक्स-रे म्हणतात, ती पाण्याच्या डब्यांवर बसून हे ऐकत होते. शर्टाची बटणं, चापलेले केस, ते ‘अजून’, सगळं माझ्याच डोळ्यांसमोर घडलं होतं आणि मी लिहून काय ठेवलं, तर गुडघा.

बेन्झनं खियतच्या खांद्यावरून पिशवी ओढून घेतली. स्टेशनवर गाडीची घोषणा सुरू झाली होती.

“मला चीवर द्यायला बाप हवा,” तो म्हणाला. “थनाकोन लुंग चालणार नाहीत. ते भले माणूस आहेत, त्यांनी मला क्लच शिकवला, पण त्यांचा माझा काही संबंध नाही. विचियन असता तर मी त्याला घेऊन गेलो असतो. मामा मेला तरी आईनं त्याला जा म्हटलं नव्हतं, हे त्याला सांगितलं असतं. पण तो मेलाय म्हणता. मग मी निघतो.”

बेन्झ पायरी उतरला.

“अहो, सही करताय की परत नेऊ?” पोस्टमन म्हणाला आणि त्यानं कागद खियतच्या छातीशी धरला.

खियतनं पेन घेतलं. कागद भिंतीला लावला. बराच वेळ लिहीत होता, नवशिक्यानं अक्षरं जोडावीत तसा. मग कागद परत दिला.

पोस्टमननं बघितलं. पार्सलवर बघितलं. पुन्हा कागदावर बघितलं.

“हे काय लिहिलंत? पार्सल थनाकोनचं आहे. विचियन कोण?”

बेन्झ गल्लीच्या मध्यावर होता. थांबला.

“मी,” खियत म्हणाला.

“मग थनाकोन कोण?”

“आता नाही कुणी.”

“असली सही मला चालत नाही,” पोस्टमन म्हणाला. “माझी नोकरी जाईल. परत पाठवतो मी हे.” आणि खरंच पार्सल पिशवीत टाकून निघून गेला.

इतकी वर्षं ज्या नावाला त्यानं ओ दिली नाही, ते त्यानं आपल्या हातानं लिहून दिलं होतं. आता ते अपघात, तो पूल, सगळं त्याच्या मागे लागायला मोकळं. मला त्याला थांबवायचं होतं, ओरडायचं होतं की अरे आधी भंतेजींना विचार, काही शांत कर. पण त्यानं पंपाशेजारच्या खोलीची चावी बेन्झच्या चावीशेजारी काउंटरवर ठेवली, मला हात जोडले आणि अंगावरच्या कपड्यांनिशी गल्लीत उतरला.

बेन्झनं त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. फक्त पिशवी खांद्यावरून काढून जमिनीवर ठेवली. खियतनं ती उचलली आणि दोघं स्टेशनकडे गेले, एकमेकांत हातभर अंतर ठेवून.

त्या दुपारचे पाहुणे आपले आपण आले. त्यांना आणायला कुणी नव्हतं. आल्या-आल्या एकानं विचारलं, मागच्या खोलीचा पंखा का फिरत नाही. मी म्हटलं, त्याचं सामान आलं होतं, पण घ्यायला माणूस राहिला नाही. तो माझ्याकडे बघत राहिला. त्याला काय वाटलं असेल ते मी नोंदवलं नाही.