अकरा लाख अकरा हजार एकशे अकरा

"पुसू नकोस नागू! ती संख्या डेप्युटीसाहेब शाळा तपासायला येईपर्यंत राहू दे," दामले गुरुजी ओरडले, तेव्हा शाळेचा शिपाई नागू ठोंबरे ओलं फडकं फळ्याला टेकवणारच होता. फळ्यावर ओळीनं सात एक उभे होते.

"अकरा लाख अकरा हजार एकशे अकरा," गुरुजी अभिमानानं म्हणाले. "एक आणि ती स्वतः, एवढं सोडलं तर कशानंच भाग जात नाही. मूळ संख्या म्हणतात हिला."

"येवडी मोठी, आन कुनातच सारकी वाटली जात नाय?"

"सत्त्याण्णवपर्यंत मी स्वतः भागून पाहिलंय."

नागूला काही ते पटेना. कशेळ्याच्या पुढच्या त्या खेड्यात वाद घालायला दुसरं कुणी नव्हतं, म्हणून त्यानं आपला आकड्याशीच वाद मांडला. मधल्या सुट्टीत शाळेच्या ओट्यावर खडूनं, घरी सारवलेल्या भिंतीवर कोळशानं. दोन, तीन, चार, पाच, एकही आकडा तो सोडेना. एके दिवशी बायकोनं, आनंदीबाईनं, बत्तीस ते छत्तीसचे भागाकार शेणानं सारवून टाकले.

"अगं, माजी बत्तिशी गेली ना!"

"जाऊ द्या. मला येक सांगा, दोगांत सारकं वाटलं नाय, ते चौगांत कसं वाटंल? आन आठांत?"

नागू आ वासून बघत राहिला. त्या दिवसापासून त्यानं समसंख्यांना हात लावला नाही. निम्मं काम वाचलं.

साहेब यायच्या आदल्या दिवशी दोनशे एकोणचाळीसला बाकी शून्य आली. त्यानं उलटा गुणाकार करून पाहिला. सात एक निमूटपणे उभे राहिले.

नागूनं कागदावर उतरवून आणलेला भागाकार गुरुजींनी दोनदा तपासला. त्यांचा चेहरा उतरला. "उद्या साहेबांसमोर बोलू नकोस, नागू."

"नाय बोलत, गुरुजी."

दुसऱ्या दिवशी नागू चहा घेऊन दारात आला, तेव्हा गुरुजी फळ्यासमोर सांगत होते, "साहेब, ही मूळ..." त्यांची नजर नागूवर गेली. नागूनं झटकन खाली पाहिलं.

गुरुजींनी खडू खाली ठेवला. "नाही साहेब. मुलांनो, मी तुम्हाला चुकीचं शिकवलं. ही चूक नागूनं शोधली. नागू, इकडे ये. करून दाखव."

चहा टेबलावर ठेवून नागूनं धोतराला हात पुसले, खडू उचलला आणि दोनशे एकोणचाळीसनं भागाकार मांडला.

"शिक्षण किती?" साहेबांनी विचारलं.

"चौथी, साहेब. दोनदा."

"आणि दोनशे एकोणचाळीसपर्यंत का गेलास?"

"थांबायचं कुटं, ते ठावं नवतं."

साहेबांना हसू आवरेना. नागूचा भागाकार मात्र सावकाश चालला होता. हातचा आला की तो ओठातल्या ओठात पुटपुटे. शाळा सुटायची वेळ टळून गेली तरी एकही पोर जागचं हललं नाही.

घंटा द्यायची राहिलीय, हे नागूच्या ध्यानातच आलं नाही. दामले गुरुजी हळूच उठले, बाहेर गेले, आणि त्या दिवशी शाळा सुटल्याची घंटा त्यांनी स्वतः वाजवली.