मेणसगट्टीचा खकाणा

मालिनीमावशींनी पेढा उचलला, "मग आमच्याकडून..." असं तोंड उघडलं आणि नेमकी तेवढ्यात सावनी शिंकली. एकच शिंक, पण अशी खणखणीत, की पेढा परत ताटलीत गेला.

सोफ्याच्या कोपऱ्यात बसलेले एकनाथकाका दचकले. ही शिंक त्यांच्या चांगल्याच ओळखीची होती.

पोरीचा तरी काय दोष? दोन हजार सहाचा मे महिना. एडिसनभर झाडांचे पराग उडत होते, पार्किंगमधल्या गाड्या हळद लावल्यासारख्या पिवळ्या झाल्या होत्या आणि अर्धं न्यू जर्सी नाक पुसत होतं. पण मावशींनी पुण्याहून येताना शिंकेचं शास्त्र बॅगेत घालून आणलेलं, ते कस्टम्सवाल्यांना काही सापडलं नव्हतं.

"शुभ बोलताना शिंक झाली. आता वर्षभर हा विषय नको," मावशी म्हणाल्या.

"अगं मावशी, पोलन आहे ते! सगळ्यांनाच अ‍ॅलर्जी होते!" नवरामुलगा शार्दूल कळवळला. पण तो त्या मावशीच्याच हाताखाली वाढलेला, तिच्या शब्दाबाहेर जाणारा नव्हता. पुढच्या महिन्यात त्याला नोकरीसाठी बेलव्ह्यूला जायचं होतं, देशाच्या पार दुसऱ्या टोकाला. सावनी मान खाली घालून टिश्यूची घडी घालत बसली. तिला आईबाप नव्हते. ही सोयरीक जुळवायलाच तिचे हे थोरले काका गावाहून आले होते.

काकांनी घसा खाकरला. सावनीने कपाळाला हात लावला. काकांनी घसा खाकरल्यावर कधी काही खरं बाहेर पडल्याचं घरात कुणाला आठवत नव्हतं.

"मालिनीताई, आमचं मेणसगट्टी धारवाडच्या पलीकडे. मिरचीचं गाव. माघ लागला की रस्ते, छपरं, शाळेचं पटांगण, सगळीकडे मिरची वाळत पडायची. पोती आपटली की असा खकाणा उठायचा की हवा लाल दिसायची. हमाल नाकाला ओला पंचा बांधायचे. हुबळीची एसटी वेशीवरच शिंकायला लागायची."

"एसटी?"

"ड्रायव्हर म्हणा हवं तर. चोर त्या दिवसांत सुट्टी घ्यायचे. कडी उघडताना शिंक आली की पकडले गेलेच! देवळातला दगडी बसवण्णा, म्हणजे आपला नंदी हो, एकदा असा शिंकला की त्याचा डावा कान अजून पुढे झुकलेला आहे."

"काहीतरीच तुमचं, एकनाथराव!"

"आता सांगा, लग्नं तेव्हाच. भटजी मंगलाष्टकांत शिंकायचे, नवरी माळ घालताना शिंकायची. शिंक धरली असती तर गाव बिनलग्नाचं राहिलं असतं. म्हणून पंचांनी ठरवलं, हवेची शिंक धरायची नाही."

"ते तुमच्या गावात. निघते मी," म्हणत मावशी उठल्या.

"निघताय? मग आमची मिरची तरी घेऊन जा."

काका आत गेले. त्यांच्या सूटकेसच्या तळाशी एक मांजरपाटाची पिशवी होती, तिला ते कुणाला हात लावू देत नसत. गावात कोल्ड स्टोरेज झालं, मिरची तिकडे गेली, आणि आता म्हणे हवा अगदी स्वच्छ होती. गाव शिंकायचंच थांबलं होतं. पिशवीत होती ती त्याआधीच्या शेवटच्या हंगामाची मिरची. फारच करमेनासं झालं की काका गाठ जराशी सैल करायचे, नाक लावायचे आणि घाईघाईने पुन्हा आवळायचे.

आज त्यांनी गाठ पुरती सोडली आणि दारात चपला घालणाऱ्या मावशींसमोर पिशवी चांगली झटकली.

मावशी शिंकल्या. निघताना शिंक! मुकाट्याने परत येऊन बसल्या, पाणी प्यायल्या. पुन्हा उठल्या, उंबऱ्याशी पुन्हा शिंकल्या. तिसऱ्यांदा तर उठतानाच.

"तुमच्या शास्त्राप्रमाणे मुक्काम इथेच की हो," काका म्हणाले. "कॉट घालू का?"

"अहो, ही कसली शिंक? ही तुमच्या मेल्या मिरचीची!"

"म्हणजे हवेची. धरायची नाही ना?"

मावशींनी शार्दूलकडे पाहिलं, नाक पुसणाऱ्या सावनीकडे पाहिलं. "डांबिस आहात तुम्ही," त्या म्हणाल्या. पदराने डोळे पुसले आणि ताटलीतला पेढा उचलून तोंडात टाकला. "होकार आहे आमचा. आता दार उघडा, आणि खिडक्याही."

पाहुणे गेले. वाऱ्याबरोबर खकाणाही गेला. काकांनी पिशवीत नाक घातलं, मग पुन्हा घातलं, शिंक काही आली नाही, तेव्हा पिशवी सावनीकडे दिली.

"लग्नाच्या मसाल्यात घाल. रंग चांगला येईल."

"काका, ही तर तुमची..."

"तुझा बाप अगदी असाच शिंकायचा, बरं का. एकदाच, पण खणखणीत. आमची आई चुलीपाशी बसून सांगायची, धाकटा आत्ता कुठल्या गल्लीत आहे ते."

सावनीने त्यांच्याकडे रोखून पाहिलं. "हे तरी खरं ना, काका?"

काकांनी या वेळी घसा खाकरला नाही. "गल्ली कधीकधी चुकायची," ते म्हणाले.