हातभर जागा

रुपराव भोयरनं पाटी आधी रंगवून घेतली आणि कॅमेरा नंतर वापरून पाहिला. सगळं तिथंच बिघडलं.

कॅमेरा मेहुण्यानं मस्कतहून आणला होता, चौऱ्याऐंशीच्या दिवाळीत. जपानी, साबणाच्या वडीपेक्षा थोडा मोठा, आणि समोरच्याचं अंतर स्वतःच ओळखून भिंग मागंपुढं करणारा. माणसानं फक्त खटका दाबायचा. फोटो नीट आला की नाही, ते रोल धुतल्यावर कळायचं. रुपरावनं प्रताप नगरातल्या आपल्या स्टुडिओवर 'आपोआप फोकस, हमखास फोटो' अशी पाटी लावली आणि हातानं फोकस करायचा जुना कॅमेरा मौद्याच्या साडूला देऊन टाकला. देताना म्हणाला, "ने बापा. माणसाच्या डोळ्याचे दिवस गेले आता."

तिसऱ्या आठवड्यात नानाजी लांजेवार आले. कालव्याच्या खात्यातून रिटायर झालेला, चार गल्ल्या पलीकडे राहणारा माणूस.

"रुपराव, घरी येशीन का गा? तुह्या काकूले चालवत नाही."

गोपिकाकाकूंच्या पोटात गाठ होती. मोठ्या दवाखान्यानं पोट उघडलं, आत पाहिलं आणि परत शिवून घरी पाठवलं. चाळीस वर्षांच्या संसारात दोघांचा मिळून एक फोटो नव्हता. काकूंचा एकटीचाही नव्हता.

"डॉक्टर म्हणते, पंधरा-वीस दिवस," नानाजींनी एसटीची वेळ सांगावी तसं सांगितलं. "एक फोटो पायजे दोघाईचा. तिचं तोंड दिसलं पायजे, बस."

उजेडासाठी दोन खुर्च्या दाराजवळ मांडल्या. दोघं बसले, मध्ये बरोबर हातभर जागा सोडून. ही जागा नानाजींच्या आईनं, रंभाबाईंनी, लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात आखून दिली होती: चारचौघांत नवऱ्यापासून हातभर दूर. रंभाबाईंना जाऊन बारा वर्षं झाली होती, पण हुकूम कोणी मागं घेतला नव्हता. त्या स्वतः मागच्या भिंतीवर, चंदनाच्या हारात, बरोबर मधोमध होत्या.

रुपरावनं खटका दाबला. आत मोटर खर्रकन फिरली.

फोटो धुतल्यावर नवरा-बायको म्हणजे दोन भुरके ढग. मधल्या जागेतून मागच्या रंभाबाई मात्र अशा स्वच्छ आलेल्या, की हाराचे मणी मोजावेत.

"सासूबाई मस्त आल्या," गोपिकाकाकू म्हणाल्या.

नानाजींनी फोटो जवळ धरून पाहिला, लांब धरून पाहिला. "हिचं तोंड कुठी आहे गा यात?"

रुपराव कामाला लागला. भिंग मलमलीनं पुसलं. सेल बदलले. आत ओल गेली असेल म्हणून कॅमेरा दोन दिवस तूरडाळीच्या डब्यात पुरला. सोबतची पुस्तिका जपानीत होती. ती त्यानं चित्रं पाहत तीनदा वाचली. बायकोचा, शामलाचा, फोटो काढला, तर तिच्या नाकातल्या चमकीचे खडेसुद्धा दिसले. शेजारच्या गाईचा काढला, गाय झकास आली. भूत-प्रेत मानणारा तो नव्हता, तरी त्यानं कॅमेऱ्याच्या पट्ट्याला लिंबू-मिरची बांधली. त्या रोलात एका फोटोत मिरचीही आली, धूसर.

मौदा काही विलायतेत नव्हतं. सकाळच्या गाडीनं जाऊन जुना कॅमेरा दुपारी आणता आला असता. पण पाटीचा रंग अजून चमकत होता, आणि साडूचं हसू रुपरावला माहीत होतं.

दुसऱ्या खेपेला काकूंना खुर्चीत बसवायला दोघं लागले. जागा तेवढीच, हातभर. मोटर खर्रकन फिरली. पुन्हा दोन ढग आणि रंभाबाई.

"राहू दे रुपराव," काकू म्हणाल्या. "कॅमेऱ्याची चूक नाही. मी धूसरच होऊन राहिली आता."

"नाही काकू. मी दुरुस्त करून आणतो."

"गुरुवारच्या आत आण. पुढचं माह्या हातात नाही."

गुरुवारी सकाळी तो लकडगंजात भैयाजींकडे गेला. भैयाजी लाकडाच्या वखारीमागं बसून घड्याळं, रेडिओ, जे हाती येईल ते दुरुस्त करायचे. त्यांनी दोन्ही फोटो पाहिले, शामला पाहिली, गाय पाहिली आणि बिडी पेटवली.

"कॅमेरा ठीक आहे. गिऱ्हाईक खराब आहे तुह्यं."

"म्हणजे?"

भैयाजींनी दोन ओंडके हातभर अंतरावर उभे केले. "हा कॅमेरा निस्ता नाकासमोर पाह्यते. ऐन मधात. आता सांग, मधात काय आहे?"

"काहीच नाही."

"तेच पाहून राहिला तो. मांगची भिंत. पोट्टे-पोट्टी चिकटून बसते तिकडे, जपानात. आपल्या इकडे बसते का कोणी?" ओंडके त्यांनी लाथेनं एकमेकांना भिडवले. "जवळ बसव त्याईले. खतम."

रुपरावनं सायकल अशी हाणली की चेन दोनदा पडली.

नानाजींच्या दारात चपलांचा ढीग होता.

"सकाळी गेली," नानाजी म्हणाले. मग विचारलं, "सुधरला का गा कॅमेरा?"

"तो बिघडलाच नव्हता, काकाजी."

नानाजींनी एवढंच म्हटलं, "मंग काढ."

आंघोळ घालून काकूंना खुर्चीत बसवलं. त्या एका बाजूला कलायला लागल्या. नानाजींनी आपली खुर्ची ओढून त्यांच्या खुर्चीला भिडवली, हात मागून घालून त्यांना धरलं आणि त्यांचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं. नानाजींची थोरली बहीण तुळसाबाई सवयीनं बोलून गेली, "चारचौघात असं नवऱ्याले टेकून..." आणि पदर तोंडात कोंबून रडायला लागली.

मोटर खर्रकन फिरली.

या वेळी दोघंही आले. काकूंच्या कपाळावरच्या कुंकवाचा कण अन् कण आला. मागं भिंतीवर एक पांढुरका डाग होता, तो रंभाबाईंचा.

तेरवीला रुपराव फोटो मोठा करून घेऊन गेला. तुळसाबाई हार घेऊन तयारच होत्या. त्यांनी फोटो पाहिला आणि थबकल्या.

"यात तर नाना आहे! जित्या माणसाले हार घालते का कोणी? काप त्याले मधातून."

कोणीतरी कात्री दिली. रुपरावनं ती उघडली, फोटोवर धरली, सरकवली, पुन्हा धरली. पहिल्या दोन फोटोंत कात्रीला हवी तेवढी जागा होती, तोंडं नव्हती. इथं काकूंचा गाल नानाजींच्या खांद्यात गेला होता आणि नानाजींची बोटं त्यांच्या दंडावर होती. कुठूनही कापलं तरी एकाचं काहीतरी दुसऱ्याकडं राहत होतं.

"काहून थांबला गा?" नानाजींनी विचारलं.

"जागाच नाही काकाजी."

नानाजींनी फोटो त्याच्या हातातून घेतला. "मंग राहू दे," म्हणाले, आणि स्वतः स्टुलावर चढून त्यांनी तो खिळ्याला लावला. हाराशिवाय.

हार आणलेला होता, तो वाया कशाला घालवायचा म्हणून तुळसाबाईंनी रंभाबाईंना घातला. त्यांना आता दोन झाले.