पाणी स्वच्छ येईपर्यंत

निवृत्त होऊन चोवीस वर्षं झाल्यावर, एका सोमवारी सकाळी, मोरेश्वर गुप्त्यांच्या आंघोळीचं पाणी पुन्हा हिरवं वाहू लागलं.

नलिनीबाई टॉवेल घेऊन मोरीच्या दाराशी उभ्या होत्या. त्यांनी तो हिरवा लगेच ओळखला. रंगाच्या कारखान्यातल्या केमिस्टची बायको म्हणून त्यांनी नवऱ्याचे कपडे वर्षानुवर्षं वेगळ्या बादलीत धुतले होते, आणि कुठला रंग कुठल्या सालचा हे त्यांना भावंडांच्या वाढदिवसांपेक्षा पक्कं ठाऊक होतं. त्या काळी अंबरनाथच्या वसाहतीतल्या शेजारणीसुद्धा गटाराकडे बघून सांगायच्या, गुप्त्यांकडे या आठवड्यात लाल चाललाय म्हणून. हा हिरवा नोकरीच्या शेवटच्या महिन्यातला होता. निरोपसमारंभात मिळालेल्या शालीवर त्याचा डाग पडला होता आणि तो काही केल्या निघाला नव्हता.

"अहो, हे काय?" त्यांनी विचारलं.

"हिरवा," मोरेश्वर म्हणाले आणि त्यांनी अंगावर आणखी एक तांब्या ओतला. "धुवायचा राहिला असणार."

अंग पुसता पुसता त्यांनी सगळं नीट समजावून सांगितलं. कारखान्यात रंगाचा लगदा फिल्टर प्रेसमध्ये दाबतात आणि त्यातून पाणी सोडत राहतात. खालून स्वच्छ पाणी येईपर्यंत धुणं थांबवायचं नसतं, अर्ध्यावर सोडलेला माल कुणी उचलत नाही. कच्चा रंग आधी सुटतो, पक्का शेवटी. माणसाचंही तसंच असणार, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, एवढं बोलून ते पोह्यांच्या बशीपाशी जाऊन बसले.

नलिनीबाईंनी सहज शालीचा आणि निरोपसमारंभाचा विषय काढला.

"कसला निरोप?" मोरेश्वरांनी विचारलं, आणि लिंबाची फोड मागितली.

मग त्या मोरी पुसायला गेल्या. फरशीवर उरलेल्या हिरव्या पाण्याला बोटं लागली, आणि त्या एका सभागृहात उभ्या होत्या, खांद्यावर शाल होती, कुणीतरी लांबलचक भाषण करत होतं आणि त्यांच्या मनात एवढंच होतं की कधी एकदा घरी जाऊन नलूच्या हातचं वालाचं बिरडं खातो. ही काही त्यांची आठवण नव्हती. त्या दिवशी त्या तिसऱ्या रांगेत बसल्या होत्या.

मंगळवारी मोहरीचा पिवळा निघाला. त्यात मुख्य केमिस्ट झाल्याचं पत्र गेलं आणि पहिली स्कूटर गेली. बुधवारी तपकिरी आला, आणि स्वतःच्या आईला शेवटचे सहा महिने चमच्याने भरवलं होतं ते मोरेश्वरांना माहीत नाहीसं झालं. त्यांना कशाचंच दुःख नव्हतं आणि नलिनीबाईंना तेच फार लागलं. रंग सुटला तिथून ते आरपार दिसू लागले. बुधवारी दुपारी त्यांच्या पोटरीतून खुर्चीच्या वेताची वीण मोजता येत होती.

नलिनीबाई हातपाय गाळून बसणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांनी मोरीचं पाणी पिंपात भरलं, पातेल्यांत भरलं, कुकरमध्ये, लोणच्याच्या रिकाम्या बरणीत भरलं. सकाळी उठून बघावं तर सगळीकडे साधं पाणी. जे हाताला लागायचं तेवढंच टिकायचं. पण ती भांडी ओतून द्यायचा धीर होईना, त्यामुळे घरात चालायला एक पाऊलभर वाट उरली आणि ती रोज अरुंद होत गेली.

खरं तर त्या एकाच रंगावर डोळा ठेवून होत्या. तो होता जांभळा.

बावन्न वर्षांपूर्वी जांभळ्याचा माल चालू असताना त्यांची मोठी मुलगी, मिनू, मेंदूज्वराने गेली. तीन वर्षांची होती. दुपारी साडेबाराला नलिनीबाईंनी शेजाऱ्याच्या हाती कारखान्याच्या गेटवर चिठ्ठी पाठवली, 'मिनू जास्त आहे, लगेच या.' मिनू दोन वाजता गेली. मोरेश्वर दिवेलागणीला आले, कोपरापर्यंत जांभळे, आणि माल धुवायचा होता एवढंच म्हणाले. नलिनीबाईंनी त्यावर काही विचारलं नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. दोघांनी मिनूचं नाव पुन्हा घेतलं नाही. फोटो काढायचा राहूनच गेला होता. धाकटी चित्रा नंतरची, त्यामुळे मिनूला पाहिलेली जगात दोनच माणसं उरली होती, आणि त्यातलं एक आता मोरीतून वाहून चाललं होतं.

गुरुवारी चित्रा नाशिकहून आली. तिने भांड्यांमधून वाट काढली, बाबांच्या खांद्यातून पलीकडचं कॅलेंडर वाचलं आणि आईला बाजूला घेऊन सांगितलं की काही दिवस त्यांना आंघोळच घालू नकोस. मग दोघींनी पाणी गेलंय असं खोटंच सांगितलं. मोरेश्वर बरं म्हणाले आणि पेपर वाचत बसले. दुपारपर्यंत मोरी पॅसेजच्या टोकापासून बैठकीच्या खोलीशी आली. तीनच्या सुमारास मधली भिंत नव्हती. चहाच्या वेळी नळ त्यांच्या खुर्चीशेजारी गळत होता, आणि ओले होऊ नयेत म्हणून त्यांनी पाय जरा आखडून घेतले होते.

शेवटी तिथेच आंघोळ घालावी लागली आणि पाणी नारिंगी निघालं. चित्राने हात बुडवला आणि तो बराच वेळ काढला नाही. मग एवढंच म्हणाली की मी झाले तेव्हा बाबा दवाखान्याच्या जिन्यात बसून रडले होते हे तू मला कधी सांगितलं नाहीस. नलिनीबाईंनाही ते माहीत नव्हतं.

मोरेश्वरांनी कोरडा सदरा घातला आणि लेकीकडे पाहून नमस्कार केला.

"या, बसा. कोणाकडे आलात?"

चित्रा स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहिली. तिचा हात कोपरापर्यंत नारिंगी होता. तिने तो धुतला नाही.

शुक्रवारी लाल गेला. शनिवारी निळा गेला, आणि निळा म्हणजे लग्नाचं वर्ष. त्यानंतर मोरेश्वर नलिनीबाईंना बाई म्हणू लागले. बाई, जरा पंखा लावता का. त्यांच्या अंगात आता रंगाचा लवलेश दिसत नव्हता, खुर्चीवर सदरा बसलेला दिसायचा आणि वर चष्मा. म्हणजे सगळं निघून गेलं होतं, आणि जांभळा आलाच नव्हता.

नलिनीबाईंना आधी विश्वास बसेना, मग राग आला. असा राग त्यांना बावन्न वर्षांत आला नव्हता, कारण तोवर त्यांनी तो येऊच दिला नव्हता. या माणसाने शाल ठेवली, स्कूटर ठेवली, आणि मिनूला ठेवलंच नाही. कपड्यांच्या त्या वेगळ्या बादलीत आपण एकट्याच लेकीला धूत बसलो होतो. त्यांनी चित्राला जेवायला वाढलं, स्वतः उपाशी राहिल्या आणि सदऱ्याकडे पाठ करून बसल्या.

रविवारी सकाळी मोरीने सगळी खोली व्यापली होती. भिंती इतक्या जवळ आल्या होत्या की चित्राला दाराबाहेर राहावं लागलं. आत एक पाट मावत होता आणि नलिनीबाईंना टेकायला कोपरा.

"मिनूच्या आई," पाटावरून आवाज आला, "पाणी काढता का?"

नलिनीबाईंनी तांब्या भरला, पण हात पुढे होईना. आत्ता ओतलं नाही तर ते नाव मोरेश्वरांपाशी राहील. पण नळ आपोआप सुटला होता, आणि पाटाच्या कडेने पहिली जांभळी धार निघून फरशीवरून भोकाकडे चालली होती. कच्चा आधी सुटतो, पक्का शेवटी. हे त्यांना सोमवारीच सांगितलेलं होतं आणि त्यांनी ते नीट ऐकलं नव्हतं.

त्यांनी पदर फाडून भोकात बोळा कोंबला आणि लुगड्यासकट त्या पाण्यात बसल्या.

चिठ्ठी पाऊण वाजताच पोचली होती. ती वाचून मोरेश्वरांनी खिशात ठेवली. एक वाजता प्रेसखालून येणारं पाणी त्यांनी काचेच्या ग्लासात धरून उजेडात पाहिलं. स्वच्छ होतं, रंगाचा मागमूस नव्हता. ऑपरेटरने विचारलं, साहेब, व्हॉल्व्ह बंद करू का. ते म्हणाले, राहू दे. पाच मिनिटांनी त्यांनी पुन्हा ग्लास भरला, पुन्हा उजेडात धरला. धुणं चालू आहे तोवर घरी जायचं नाही, आणि घरी गेलो नाही तोवर मिनू आहे. असे ते दिवेलागणीपर्यंत उभे होते. स्वच्छ पाणी नुसतं वाहत होतं.

नलिनीबाई रडल्या. मोठ्याने रडल्या, दाराबाहेर चित्रा आई, आई करत राहिली तरी थांबल्या नाहीत. छातीपर्यंत त्या जांभळ्या झाल्या होत्या. आता त्यांच्याजवळ मिनू दोनदा होती, एकदा स्वतःच्या मांडीवर आणि एकदा कारखान्याच्या त्या ओल्या फरशीवरून, लांबून, जायला न धजावणाऱ्याच्या डोळ्यांनी. तुम्ही हे मला सांगायचं होतं, असं त्या म्हणाल्या. पाटावरच्या माणसाला ते कळलं नाही.

पाटावर आता खांद्याच्या आकारावरून पाणी वळत होतं, तेवढ्यावरूनच तिथे कुणी बसलंय हे कळायचं. धार जांभळी होती, मग कांद्याच्या सालीएवढी फिकी झाली, मग नुसती गढूळ.

"बाई," तो आवाज म्हणाला. मिनूच्या आई म्हणाला नाही. "जरा ग्लासात धरून बघा. आलं का स्वच्छ?"

नलिनीबाईंनी काचेचा ग्लास खांद्याखाली धरला. भरल्यावर खिडकीच्या उजेडात नेला. त्यातून पलीकडची फरशी दिसली, फरशीतली रेघ दिसली, चित्राची दारातली बोटं दिसली.

"थोडा रंग आहे अजून," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी तांब्या पुन्हा भरला.