भांडगावची ज्वारी

नीलम गेली त्याला वर्ष होत आलं, तरी म्हाळसाबाईंनी घरात पुण्याचं नाव निघू दिलं नव्हतं. लेकीची फुप्फुसं अर्धी निकामी झालेली. नवऱ्याच्या नोकरीपायी ती पुण्यात राहायची आणि ऑक्सिजनच्या मशीनवर दिवस काढायची. मागच्या पावसाळ्यात त्या भागात पाणी शिरलं, वीज गेली ती दोन दिवस आलीच नाही, आणि मशीन बंद पडलं. भांडगावला निरोप आला तो मयतीचाच. "आयुष्यच तेवढं हुतं," असं जिवाला समजावत म्हाळसाबाई जगत होत्या.

अशात एका सकाळी नीलमची शेजारीण प्रगती मळ्यात आली. थोरल्या लेकानं, संपतनं, तिला बाजेवर बसवलं, पाणी दिलं. ती चाचरतच बोलू लागली.

"काकू, आमच्या सोसायटीनं गच्चीवर सोलर बसवलंय, मोठी बॅटरीही घेतलीय. आता धान्य, कांदे-बटाटे थेट एका गावाकडून घ्यायचे ठरवलंय. रस्ते बंद झाले तरी आठवडाभर पुरेल असा साठा ठेवायचा. तुमच्याकडनं मिळालं तर..."

म्हाळसाबाई उसळल्या. "माझी लेक गिळली त्या शहरानं. आन् त्यालाच मी खाऊ घालू?"

प्रगतीनं मान खाली घातली. "ऑक्सिजनचा सिलिंडर आणायला आमचे हे छातीएवढ्या पाण्यातून गेले होते, काकू. कुठंच मिळाला नाही. मी तिचा हात धरून बसले होते. शेवटपर्यंत."

हे आजवर कुणी सांगितलं नव्हतं. जावयानंही नाही. म्हाळसाबाई कितीतरी वेळ त्या पोरीच्या हाताकडं बघत राहिल्या.

"संपत," मग त्या म्हणाल्या, "तुझ्या आज्याची मेंढरं बसायची ती कसदार पट्टी नांगर. ज्वारी पेरू."

त्या रब्बीला ज्वारी डोक्याएवढी उंच झाली. पोती पुण्याला गेली. नंतर दर आठवड्याला टेम्पो जाऊ लागला, कधी कांदे, कधी भोपळे घेऊन. भरताना म्हाळसाबाई जातीनं उभ्या राहायच्या.

पुढच्या पावसाळ्यात पुन्हा पुण्यात पाणी भरल्याची बातमी आली. म्हाळसाबाई फोन जवळ घेऊन बसून राहिल्या. तिसऱ्या दिवशी प्रगतीचा फोन आला.

"काकू, इथं अजून वीज नाही, पण आमची बॅटरी टिकली! पंखे, टीव्ही सगळं बंद ठेवलं. नुसता पाण्याचा पंप आणि खालच्या मजल्यावरच्या आजोबांचं ऑक्सिजनचं मशीन चालवलं. आजोबा छान आहेत. आणि खाली सगळ्यांसाठी तुमच्या ज्वारीच्या भाकरी चालल्यात!"

"बरं झालं, बाई. माणूस वाचलं," म्हाळसाबाई म्हणाल्या. त्यांना खरंच बरं वाटलं होतं. पण फोन कानाशी तसाच राहिला.

"प्रगती, म्हंजी माझ्या नीलमसाठी एवढंच करायचं हुतं व्हय?"

पलीकडून दाबलेला हुंदका ऐकू आला.

म्हाळसाबाई गोठ्यात गेल्या आणि नीलम गेल्यापासून रडल्या नव्हत्या तशा रडल्या, लेकीला नावानं हाका मारत. संपत दाराशी उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी रस्ता मोकळा झाला.

"आई, टेम्पो भरू का?" त्यानं भीत भीत विचारलं.

"भर. भाकरीला पीठ लागंल त्यांना."

पण त्या दिवशी त्या बाहेर आल्या नाहीत.